फोर्ड, हार्वेस्टर, फर्ग्युसन: आपल्या ट्रॅक्टरची टॉप लिंक कुठल्या भांडणातून आली?

कृष्णाकाठ

ट्रॅक्टरच्या मागं उभं राहून बघा. खाली दोन हात, वर मधोमध एक दांडा. खालच्या हातांत नांगराच्या पिना बसतात, वरच्या दांड्याला आपण टॉप लिंक म्हणतो. ट्रॅक्टर लाल असो, निळा असो की हिरवा, ही मांडणी एकच. आमच्या पारावर कुठला ट्रॅक्टर भारी यावर रात्र रात्र वाद चालतात, पण सगळ्यांच्या मागं एकच गोष्ट कशी काय, हे कुणी विचारत नाही. त्यामागं अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या कंपन्यांची तीस-चाळीस वर्षांची झुंज आहे. बरेच दिवस त्याबद्दल वाचतोय, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या झुंजीत किंमत पाडून कुणी कायमचा जिंकला नाही. ज्यानं रानातली नड ओळखली, त्याचं काम टिकलं.

सुरुवात हेन्री फोर्डपासून. १९१७ च्या ऑक्टोबरात त्यानं 'फोर्डसन' ट्रॅक्टर काढला. पहिलं महायुद्ध चालू होतं, ब्रिटनमध्ये धान्याची टंचाई होती, तिथल्या सरकारनं एकदम ६,००० ट्रॅक्टर मागवले. तोपर्यंतचे बरेचसे ट्रॅक्टर म्हणजे अवजड धूड होते. फोर्डसन लहान होता, मोटारीसारखा साच्यातून निघायचा आणि स्वस्त होता. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर चार ट्रॅक्टरांपैकी तीन फोर्डसन होते.

पण त्याआधी १९२२ च्या सुरुवातीला फोर्डनं एक घाव घातला. शेतमालाचे भाव कोसळले होते, ट्रॅक्टर पडून होते. त्यानं फोर्डसनची किंमत ६२५ डॉलरवरून एकदम ३९५ वर आणली. शिकागोची इंटरनॅशनल हार्वेस्टर तेव्हा शेती अवजारांतली सगळ्यात मोठी कंपनी. तिचे प्रमुख अलेक्झांडर लेग यांना ही बातमी फोनवर कळली. २३० डॉलरची कपात ऐकून ते आधी संतापले आणि मग तिथल्या तिथं हुकूम दिला: आपणही किंमत पाडायची, वर नांगर फुकट द्यायचा. मग गावोगाव सामने सुरू झाले. फोर्डसनचं प्रात्यक्षिक कुठं आहे कळलं की हार्वेस्टरचा माणूस आपला ट्रॅक्टर घेऊन हजर, आणि शेतकरी बांधावर उभे राहून बघायचे. आपल्याकडच्या शंकरपटासारखंच, फक्त बैलांच्या जागी लोखंड.

या किंमतयुद्धात डझनावारी लहान कंपन्या बुडाल्या. जनरल मोटर्सनंही 'सॅमसन' ट्रॅक्टरचा धंदा गुंडाळला.

आता हार्वेस्टर कशामुळं सावरली? फुकट नांगरामुळं नाही. फोर्डसन नांगरायला ठीक होता, पण पीक उगवून आल्यावर त्याला रानात घालायची सोय नव्हती. मका, कापूस हातभर वाढला की कोळपणी घोड्यानंच. म्हणजे ट्रॅक्टर घेऊनही शेतकऱ्याच्या तबेल्यात घोडी राहिलीच आणि त्यांचा दाणावैरणीचा खर्चही राहिला. बर्ट बेंजामिन या हार्वेस्टरच्या इंजिनिअरनं ही नड धरून वर्षानुवर्षं काम केलं, आणि १९२४ मध्ये 'फार्मॉल' आला. उंच, पुढची दोन चाकं एकमेकांजवळ, मागची एकमेकांपासून लांब. पिकाच्या ओळी पोटाखालून जायच्या. नांगरणी, कोळपणी, पट्ट्यावर मळणी, सगळं एकाच यंत्रावर. १९३० पर्यंत एक लाख फार्मॉल तयार झाले होते. फोर्डनं त्याआधीच, १९२८ मध्ये, अमेरिकेतलं फोर्डसनचं उत्पादन थांबवलं आणि ते आयर्लंडला कॉर्कला हलवलं. (फार्मॉल सुरुवातीला करड्या रंगाचा होता. लाल झाला तो १९३६ मध्ये.)

फोर्डसनची दुसरी खोट जीवघेणी होती. नांगर खडकात अडकला की मागची चाकं जागेवर थांबायची आणि ट्रॅक्टर घोड्यासारखा पुढून उठून चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचा. माणसं मेली यात.

ही खोट सोडवली हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसानं. काउंटी डाउनमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. १९०९ मध्ये स्वतः बांधलेलं विमान उडवून आयर्लंडमधला पहिला वैमानिक झाला. पहिल्या महायुद्धात सरकारी कामासाठी ट्रॅक्टर-नांगर बघत हिंडला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की नांगर साखळीनं मागं ओढायची वस्तू ठेवली तर हे असंच होणार. नांगर ट्रॅक्टरच्या अंगाचाच भाग झाला पाहिजे. त्यातून तीन जोडांची मांडणी आणि तेलाच्या दाबावर अवजार उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट आली. १९३६ मध्ये डेव्हिड ब्राऊन यांच्या इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या कारखान्यात त्याचा ट्रॅक्टर बनू लागला.

१९३८ च्या ऑक्टोबरात तो ट्रॅक्टर घेऊन फर्ग्युसन अमेरिकेत डिअरबॉर्नला हेन्री फोर्डच्या रानावर गेला. नांगरून दाखवलं. मग घरातून टेबल-खुर्च्या आणवल्या आणि दोघं शेतातच बसले. फर्ग्युसननं डिझाइन द्यायचं आणि विक्री बघायची, फोर्डनं ट्रॅक्टर बनवायचे. कागद नाही, सही नाही, नुसता हातात हात. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून हजारोंचा सौदा होतो, तसा हा कोट्यवधींचा. १९३९ च्या जूनमध्ये 'फोर्ड ९एन' ५८५ डॉलरला बाजारात आला. मागं टॉप लिंक होती.

हा शब्द पुढं फोर्डच्या कंपनीनं मोडला. त्याबद्दल प्रतिसादांत लिहितो, नाहीतर लेख फार लांबेल.

वाऱ्याची_दिशा

सुंदर लेख. घोड्यांची बाजू कधी लक्षातच आली नव्हती. पुढचं लवकर लिहा.

मिसिसिपीकाठ

मी अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात राहतो, त्यामुळं हा विषय इथं घराघरांत आहे. एक भर घालतो, कारण नेब्रास्काचं नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

१९१५-१६ च्या सुमारास मिनियापोलिसमध्ये एका कंपनीनं 'फोर्ड' नावाचा ट्रॅक्टर विकायला काढला. हेन्री फोर्डशी तिचा काडीचा संबंध नव्हता. फोर्ड आडनावाचा एक माणूस हाताशी धरला आणि त्याच्या नावावर यंत्र खपवलं. विल्मट क्रोझियर नावाच्या नेब्रास्काच्या शेतकऱ्यानं तो घेतला आणि पार फसला. दुसऱ्या कंपनीचा घेतला, तोही तसलाच. तिसरा रुमली कंपनीचा 'ऑइलपुल' घेतला, तो मात्र सांगितल्यापेक्षा जास्त ताकदीचा निघाला.

हा क्रोझियर पुढं राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला. १९१९ मध्ये त्याच्या प्रयत्नानं कायदा झाला: नेब्रास्कात ट्रॅक्टर विकायचा असेल तर आधी लिंकनच्या विद्यापीठात त्याची चाचणी द्यायची आणि निकाल जाहीर व्हायचा. १९२० च्या वसंतात चाचणी पुरी करणारा पहिला ट्रॅक्टर होता 'वॉटर्लू बॉय'. ही कंपनी जॉन डिअरनं दोनच वर्षं आधी विकत घेतली होती. नांगर बनवणारी डिअर ट्रॅक्टरमध्ये आली ती अशी.

कायदा एका राज्याचा, पण निकालाचे कागद सगळीकडचे शेतकरी मागवू लागले. कागदावर २० घोड्यांची ताकद आणि रानात १२, असल्या कंपन्या आपोआप गळाल्या. लिंकनला त्या जुन्या चाचणीच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. मी मुलांना घेऊन गेलो होतो. एका फसलेल्या शेतकऱ्यानं केवढं काम केलं, हे त्यांना सांगताना माझा ऊर भरून आला.

कृष्णाकाठ

@मिसिसिपीकाठ, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आपल्याकडं हेच काम मध्य प्रदेशात बुदनीच्या केंद्रात होतं. तिथले चाचणी अहवाल शेतकऱ्यानं ट्रॅक्टर घेण्याआधी जरूर वाचावेत. इंजिनची ताकद वेगळी आणि पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, मिळणारी वेगळी, रोटाव्हेटर चालतो तो दुसरीवर. माझ्या चुलत्यांना एका विक्रेत्यानं फक्त पहिला आकडा सांगून ट्रॅक्टर दिला होता. सात फुटी रोटाव्हेटर जोडला की तो धूर ओकायचा. अहवालात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापलेले असतात.

माणदेशी

दादा, एक शंका. आमच्या ट्रॅक्टरला लिफ्टचे दोन लिव्हर आहेत. एक पोझिशनचा, एक ड्राफ्टचा. ड्रायव्हर पोझिशनचाच वापरतो, दुसऱ्याला कधी हात लावत नाही. म्हणतो तो कामाचा नाही. हा ड्राफ्ट म्हणजे फर्ग्युसनचाच का?

कृष्णाकाठ

होय, तोच. फर्ग्युसनच्या सगळ्या कामाचं सार त्या लिव्हरमध्ये आहे.

नांगर मातीत ओढला जातो तेव्हा तो पुढं कलंडायला बघतो, म्हणून टॉप लिंकवर पुढच्या बाजूला दाब येतो. जमीन जितकी कठीण तितका दाब जास्त. फर्ग्युसननं त्या दाबालाच निरोप्या केलं. टॉप लिंकच्या मुळाशी जाड स्प्रिंग असते. दाब वाढला की ती दबते, लिफ्टचा व्हॉल्व्ह हलतो आणि नांगर बोटभर वर येतो. मऊ माती लागली की दाब उतरतो आणि नांगर परत आपल्या जागी जातो. माणसानं लिव्हरला हात लावायचा नाही. (मोठ्या ट्रॅक्टरांत ही जाणीव खालच्या हातांकडून घेतात, तत्त्व तेच.)

नांगराचं आणि त्याच्यावर येणाऱ्या मातीचं वजन यात मागच्या चाकांवर पडतं. म्हणून हलका ट्रॅक्टरही घसरत नाही. आणि नांगर अडकला तर तीच टॉप लिंक ट्रॅक्टरचं नाक खाली दाबून धरते, उठू देत नाही. १९३० च्या दशकात कंपन्या पकड यावी म्हणून ट्रॅक्टर आणखी जड करत होत्या. या माणसानं नांगराचंच वजन कामाला लावलं.

पोझिशनवर नांगर ट्रॅक्टरच्या हिशेबानं एका उंचीवर बांधलेला राहतो. फवारणीला, पेरणीला, खड्डे घ्यायला ते बरोबर. नांगरटीला, विशेषतः जमीन एकसारखी नसेल तर, ड्राफ्ट लावून बघा.

पूर्णाथडी

लेख आवडला, पण फोर्डची बाजूही मांडतो. वाचताना असं वाटतं की फर्ग्युसन बिचारा आणि फोर्ड लबाड. तसं नाही. १९३९ ते १९४७ मध्ये फोर्डनं तीन लाखांवर ट्रॅक्टर बनवले. कारखाना, यंत्रं, लोखंड, मजूर सगळं त्याचं, आणि विक्रीचा नफा फर्ग्युसनच्या कंपनीकडं. फोर्डला या धंद्यात तोटा येत होता. १९४५ मध्ये नातू दुसरा हेन्री फोर्ड गादीवर आला, त्यानं हिशेब बघितला आणि हा व्यवहार चालायचा नाही असं ठरवलं. कुठल्याही कारखानदारानं तेच केलं असतं.

दुसरं म्हणजे फर्ग्युसन हट्टी होता. डेव्हिड ब्राऊनशी त्याचं फाटलं ते ब्राऊनला ट्रॅक्टर थोडा मोठा करायचा होता म्हणून. गिऱ्हाईक मोठा मागतंय आणि हा आपल्या डिझाइनला हात लावू देत नाही. फोर्डनं स्वतंत्र '८एन' काढला त्यात चौथा गिअर दिला, तो शेतकऱ्यांना हवाच होता.

कृष्णाकाठ

@पूर्णाथडी, मुद्दा पटला, विशेषतः हट्टाचा. व्यवहार मोडायचा हक्क फोर्डला होता. पण ८एन १९४७ च्या जुलैमध्ये आला तेव्हा त्यात फर्ग्युसनची लिफ्ट जशीच्या तशी होती. शब्द संपला तर वस्तू परत द्यायची, ती ठेवून घेऊन विकायची नाही. माझा राग तेवढ्यावरच आहे.

१९४८ च्या जानेवारीत फर्ग्युसननं दावा लावला, २५ कोटी १० लाख डॉलरचा. चार वर्षं चालला. साक्षीपुराव्यांचे ढीग झाले. तोपर्यंत पेटंटांच्या मुदती संपत आल्या होत्या. १९५२ च्या एप्रिलमध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली आणि फोर्डला लिफ्टची रचना बदलणं भाग पडलं.

पण दावा चालू असताना फर्ग्युसन बसून राहिला नाही. कॉव्हेंट्रीला स्टँडर्ड मोटरच्या कारखान्यात १९४६ पासून त्याचा करड्या रंगाचा 'टीई-२०' निघत होता. १९५६ पर्यंत पाच लाखांवर बनले. आणि पेटंटं सरल्यावर ती तीन जोडांची मांडणी सगळ्यांचीच झाली. हार्वेस्टरनं, डिअरनं आपापले जोड वापरून बघितले होते, शेवटी सगळे टॉप लिंकवर आले. म्हणून आज कुठल्याही कंपनीचा नांगर कुठल्याही ट्रॅक्टरला बसतो.

१९५३ मध्ये त्यानं धंदा कॅनडाच्या मॅसी-हॅरिसला विकला. व्यवहारात शेवटी दहा लाख डॉलरचा फरक उरला, तो नाणं उडवून सोडवला. फर्ग्युसन हरला. त्यातून पुढं 'मॅसी फर्ग्युसन' झाली.

लोखंडी_चाक

माझं नाव बघून कळेलच की मी रबरी टायरबद्दल बोलणार! सुरुवातीचे सगळे ट्रॅक्टर लोखंडी, काटेरी चाकांचे. रस्त्यावर आणायची सोय नाही, चालवणाऱ्याची हाडं खिळखिळी. १९३२ मध्ये अॅलिस-चाल्मर्सनं फायरस्टोनच्या मदतीनं हवेचे टायर बसवून दिले. शेतकऱ्यांना वाटायचं काट्याकुट्यात रबर काय टिकणार. मग कंपनीनं रेसिंगवाला बार्नी ओल्डफिल्डला ट्रॅक्टरवर बसवून जत्रांमधून पळवलं. १९३३ मध्ये त्यानं ताशी १०० किलोमीटरच्या पुढं ट्रॅक्टर नेला. नांगराला त्या वेगाचा काही उपयोग नाही, पण लोकांच्या मनातली भीती गेली.

गोदामाई

मला या धाग्याचं भारतातलं टोक जोडायचंय. माझ्या आजोबांकडं बी-२७५ होता. लाल रंगाचा, समोर उभी जाळी. आजोबांनी तो शेवटपर्यंत विकला नाही. त्याच्या मडगार्डवर बसून मी शेतात जायचे, आणि मागच्या लिफ्टवरच्या लोखंडी पेटीत आजीची न्याहारी असायची.

हा बी-२७५ मूळचा इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ब्रिटनमधल्या कंपनीचा. १९६३ मध्ये महिंद्रानं हार्वेस्टर आणि व्होल्टासबरोबर इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली आणि मुंबईत कांदिवलीला तो बनू लागला. तिकडं चेन्नईत टॅफे मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर बनवू लागली, फरीदाबादला एस्कॉर्ट्स १९७१ पासून फोर्डचे. म्हणजे शिकागो-डिअरबॉर्नची सगळी भांडणं आपल्या बांधावर आली. आमच्याकडं लाल बी-२७५, शेजारी निळा फोर्ड ३०००, मळ्यातल्या मामांकडं मॅसी १०३५. आजोबा आणि मामा यांच्यात यावरून वर्षानुवर्षं चालायचं.

पंजाबनं वेगळा रस्ता धरला. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आपल्याच इंजिनिअरांनी आखलेला ट्रॅक्टर १९७४ मध्ये मोहालीहून निघाला, 'स्वराज ७२४'. परदेशी परवाना नाही. मला त्याचा फार अभिमान वाटतो. २००७ मध्ये महिंद्रानं ती कंपनी घेतली. त्याआधी २००५ मध्ये टॅफेनं आयशरचे ट्रॅक्टर घेतले. १९५९ मध्ये भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर ज्या आयशरचा, तोच. आता गावात स्वराजवाला आणि महिंद्रावाला भांडतात तेव्हा पैसे एकाच घरात जातात.

मिसिसिपीकाठ

@गोदामाई, डोळे भरून आले. आणि हार्वेस्टरचं पुढं काय झालं तेही सांगतो, कारण कृष्णाकाठ यांच्या मुद्द्याला त्यातून जोर येतो.

१९५८ मध्ये हार्वेस्टरनं 'फार्मॉल ५६०' आणला. सहा सिलिंडरचं जोरदार इंजिन, पण मागची यंत्रणा १९३९ च्या फार्मॉल एमच्या काळातली. ती ताकद तिला झेपली नाही, मागचे गिअर तुटू लागले. १९५९ मध्ये ट्रॅक्टर परत बोलावून दुरुस्त करावे लागले. घाई केली, पुरेशी चाचणी केली नाही. त्याच वेळी डिअरचे इंजिनिअर सात वर्षं गुपचूप कोऱ्या कागदावरून नवे ट्रॅक्टर आखत होते. ३० ऑगस्ट १९६० ला डॅलसमध्ये हजारो विक्रेत्यांना विमानांनी नेऊन ते दाखवले. १९६३ पर्यंत डिअर पहिल्या नंबरवर. हार्वेस्टरमध्ये १९७९-८० ला १७२ दिवसांचा संप झाला, १९८५ मध्ये शेती विभाग टेनेकोच्या केस कंपनीकडं गेला.

फोर्डला पुरून उरलेली कंपनी शेतीतून संपली. तिच्या बी-२७५ वर उभी राहिलेली मुंबईची कंपनी आज संख्येनं जगात सगळ्यात जास्त ट्रॅक्टर विकते. आणि डिअरचे ट्रॅक्टर पुण्याजवळ सणसवाडीत बनतात.

पूर्णाथडी

मॅसीचंही ताजं ऐका. नावाचे जागतिक मालक अमेरिकेतले एजीको. त्यांनी २०२४ मध्ये टॅफेचा परवाना काढून घेतला, प्रकरण कोर्टात गेलं. २०२५ मध्ये तडजोड झाली आणि भारत, नेपाळ, भूतानपुरतं मॅसी फर्ग्युसन हे नाव टॅफेचं झालं. फर्ग्युसनचं नाव परत एकदा कोर्टातून फिरून आलं. यावेळी मात्र बनवणाऱ्याच्या हातात राहिलं. कृष्णाकाठ, तुमचा राग थोडा शांत झाला असेल.

कृष्णाकाठ

झाला. साठ वर्षं ज्यांनी इथं बनवला, सुटे भाग पुरवले, त्यांच्याकडं नाव राहिलं याचं समाधान आहे.

माणदेशी

काल ड्राफ्ट लावून बघितला. आमच्या रानात मधोमध मुरमाचा पट्टा आहे, तिथं दरवेळी इंजिन दबायचं, चाकं जागेवर फिरायची आणि ड्रायव्हर लिव्हर वर-खाली करत बसायचा. मी नांगराच्या मागं चालत होतो. मुरूम लागला तशी टॉप लिंक हलली, नांगर दोन बोटं वर आला, आणि काळ्या मातीत परत उतरला. ट्रॅक्टर थांबला नाही. पट्ट्यात तास थोडा उथळ पडतो, तेवढं चालेल. ड्रायव्हरनं वळणावर खाली उतरून मागं जाऊन टॉप लिंकला हात लावून बघितला आणि मला विचारलं, हे आधी का नाही सांगितलं. उरलेलं रान उद्या सकाळी.